हललं म्हणजे चाललं नव्हे: जिवाणूंच्या लॅबमधले पहिले आठवडे

बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या प्रत्येकाने हँगिंग ड्रॉप केलेला असतो. खोलगट स्लाइड, कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिन, मधोमध कल्चरचा, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचा, थेंब, आणि श्वास रोखून ते उलटं करणं. मग एक डोळा मिटून बघायचं, "मॅडम, हलतायत ना?" विचारायचं, आणि जर्नलमध्ये 'मोटाइल', म्हणजे स्वतःहून हलणारे, असं लिहून सही घ्यायची. मीही तेच केलं होतं. पुढे पीएच.डी.साठी ॲरिझोनातल्या एका विद्यापीठात, जिवाणूंची हालचाल आणि माणसाच्या तोंडातला मायक्रोबायोम यांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आलो. दुसऱ्याच दिवशी तिथल्या पोस्टडॉकने मला एक स्लाइड लावून दिली आणि विचारलं, यातले साधारण किती पोहतायत? मी म्हटलं, जवळजवळ सगळे. ते सगळे फॉर्मॅलिनने मारलेले होते.

अशा लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. माझ्याकडे दर सत्रात एकदोन नवे विद्यार्थी येतात आणि मी त्यांना हेच सगळं तोंडी सांगत बसतो. तुम्ही अमेरिकेत असा किंवा पुण्यात, यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल. जिथे हवापाण्याने फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

एका छपराखाली हे दोन विषय का?

हा प्रश्न घरच्यांपासून व्हिसा अधिकाऱ्यापर्यंत सगळे विचारतात. मायक्रोबायोम म्हणजे आपल्या अंगावर आणि अंगात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. पण त्या वस्तीत कोण कुठे राहतं आणि तिथे पोचलं कसं, हा प्रश्न बराच काळ मागे राहिला. दातावरच्या किटणात शेकडो प्रकारचे जिवाणू असतात आणि त्यांतल्या कित्येकांना स्वतःहून हलताच येत नाही. तरी ते दाट, ठरावीक रचनेत बसलेले सापडतात.

हार्वर्डमध्ये हॉवर्ड बर्ग यांच्या लॅबमधून २०१८ साली आलेल्या एका कामाने यावर छान प्रकाश टाकला. तोंडात राहणारा कॅप्नोसायटोफॅगा जिंजिव्हॅलिस हा जिवाणू पृष्ठभागावरून सरकत जातो, आणि जाताना न हलणाऱ्या इतर जिवाणूंना अंगावर घेऊन पुढे नेतो. वडापच्या जीपमागे लटकून गावं पार करणाऱ्या माणसांसारखं. म्हणून आमच्याकडे एका टेबलावर सूक्ष्मदर्शक असतो आणि दुसऱ्यावर थुंकीतल्या डीएनएच्या नळ्या.

खरं तर ही जोडी फार जुनी आहे. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पहिल्यांदा पाहणाऱ्या लेवनहुक यांनी १६८३ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात आपल्याच दातांवरच्या पांढऱ्या थरातले जीव वर्णिले आहेत, आणि ते वर्णन आहे त्यांच्या चालीचं: एक जात माशासारखी सरळ सुटणारी, दुसरी भोवऱ्यासारखी गरगरणारी.

आधी कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण याशिवाय किल्ली मिळत नाही. सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करा. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचे प्रयोगशाळेतले नेहमीचे स्ट्रेन, म्हणजे वाण, सुरक्षेच्या पहिल्या पातळीत येतात. माणसाची लाळ किंवा किटण आलं की दुसरी पातळी: हातमोजे, कोट, बायोसेफ्टी कॅबिनेट, वेगळा कचरा. कचरा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर जातो. अल्कोहोल पुसायला ७० टक्क्यांचंच घ्या. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं आणि जंतूही कमी मारतं, कारण प्रथिनं बिघडवायला सोबत थोडं पाणी लागतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या दाताचा नमुना "बघू तरी" म्हणून काढू नका. माणसाच्या नमुन्याला नैतिक समितीची मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती लागते. लॅबमधल्या ज्युनियरकडून नमुना मागणं तर त्याहून वाईट, कारण सिनियरला तो नाही म्हणू शकत नाही. भारतात यासाठी संस्थेची एथिक्स कमिटी असते. तिच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा अर्ज आजच करा.

विरजण ताजं हवं

आता खरं काम. शीतपेटीत उणे ८० अंशांना ग्लिसरॉल घातलेले स्टॉक असतात. कुपी बाहेर काढून वितळू द्यायची नाही. कोरड्या बर्फावर धरायची, निर्जंतुक काडीने वरचा बर्फ खरवडायचा आणि लगेच परत ठेवायची. प्लेटवर स्ट्रीक करून, म्हणजे रेघा ओढून, सुटी कॉलनी (एकाच पेशीपासून वाढलेला ठिपका) मिळवायची. प्लेटवर नाव, तारीख, स्ट्रेन हे सगळं तळाच्या बाजूला लिहायचं. झाकणावर लिहिलं आणि दोन झाकणं बदलली की महिनाभराचं काम वाहून जातं. आमच्याकडे गेलेलं आहे.

रात्रभर वाढवलेलं कल्चर थेट सूक्ष्मदर्शकाखाली घालणं ही नव्यांची हमखास चूक. रात्रभराचं कल्चर म्हणजे जुनं आंबट दही. त्याने विरजण लावायचं असतं, ते पानात वाढायचं नसतं. सकाळी ताज्या माध्यमात, म्हणजे जिवाणूंच्या पातळ खाद्यात, शंभरास एक या प्रमाणात ते घाला आणि तीन-चार तास वाढू द्या. गढूळपणा ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला साधारण ०.५ झाला की थांबा. या टप्प्यावर ई. कोलाय सगळ्यात जोमाने पोहतात. आणखी थांबलात तर खाणं संपतं आणि पोहणंही मंदावतं.

माध्यम साधं: एक टक्का ट्रिप्टोन (पचवलेलं प्रथिन) आणि अर्धा टक्का मीठ. यात ग्लुकोज घालायचं नाही. आयतं ग्लुकोज मिळालं की ई. कोलाय कशाभिका, म्हणजे पोहायचे शेपटीसारखे धागे (आपले फ्लॅजेला), बनवणंच कमी करतो. घरी डबा येत असेल तर बाजारात कोण जाणार? तापमानही ३७ अंश नको, ३० ते ३३ ठेवा. पुस्तकात ई. कोलायचं आवडतं तापमान ३७ लिहिलेलं असतं आणि ते वाढीसाठी खरंही आहे, पण त्या तापमानाला कशाभिका कमी तयार होतात.

मग धुणं. कशाभिका पेशीच्या कित्येक पट लांब आणि केवळ २० नॅनोमीटर जाड असते. व्होर्टेक्सवर, म्हणजे नळी घुसळायच्या यंत्रावर, जोरात घुसळलं की ती तुटते. पेशी जिवंत राहते, पण लंगडी. म्हणून सेंट्रिफ्यूज हळू फिरवा, टिपचं टोक कापून भोक मोठं करा, पिपेटचा अंगठा सावकाश सोडा. मी पहिला महिनाभर घाईत कल्चर घुसळत होतो आणि स्ट्रेन खराब आहे म्हणून दोष देत होतो.

धुतल्यावर पेशी मोटिलिटी बफरमध्ये घेतात. यात फॉस्फेट असतं. धातूंचे आयन कशाभिकेच्या कामात अडथळा आणतात, त्यांना पकडायला थोडं ईडीटीए. ऊर्जेसाठी लॅक्टेट. अमिनो आम्लांपैकी फक्त जराशी मेथिओनिन. एवढ्यावर पेशी पोहतात पण वाढत नाहीत, म्हणजे अर्ध्या तासात तुमची संख्या बदलत नाही.

बोगदा बनवा आणि नुसतं बघत बसा

हँगिंग ड्रॉपपेक्षा सोपी युक्ती आहे. स्लाइडवर दुहेरी चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने लावा आणि वर कव्हरस्लिप दाबा. मधे बोगदा तयार होतो. एका तोंडाशी कल्चरचा थेंब ठेवला की तो आपोआप आत ओढला जातो. दोन्ही तोंडं व्हॅसलिन-मेणाच्या मिश्रणाने बंद करा. घाईत नखांची पॉलिशही चालते, पण ती सुकेपर्यंत तिचा वास पेशींनाही आवडत नाही आणि शेजारच्यालाही.

फेज कॉन्ट्रास्टवर (रंग न देता पारदर्शक पेशी ठळक दाखवणारी सोय) ४० पटीचं भिंग लावा. फेजची दोन कडी एकमेकांवर नीट बसली आहेत का ते आयपीस काढून तपासा. हे न करता आठवडे घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

आता दहा मिनिटं काहीही मोजू नका. बघा. आधी डोळ्याला तीन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात.

पहिली म्हणजे थरथर. पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी आपटत असतात, त्यामुळे मेलेली पेशीही जागच्या जागी नाचते. यालाच ब्राउनियन गती म्हणतात आणि मी पहिल्या दिवशी याच नाचाला पोहणं समजलो होतो. दुसरी, वाहणं. बोगद्याचं तोंड नीट बंद झालं नसेल तर सगळ्या पेशी एकाच दिशेला, एकाच वेगाने जाताना दिसतात, पंढरीच्या वाटेवर निघाल्यासारख्या. वारी दिसली की स्लाइड फेका आणि नवी बनवा. आणि तिसरी, खरं पोहणं: पेशी सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर कापते, मधेच अडखळते आणि वेगळ्या दिशेला निघते.

ते अडखळणं हा या विषयाचा गाभा आहे. ई. कोलायच्या अंगावर चारपाच कशाभिका असतात. प्रत्येकीच्या मुळाशी एक फिरती मोटर असते आणि ती प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते. सगळ्या मोटरी घड्याळाच्या उलट फिरल्या की कशाभिकांची एक जुडी होते आणि पेशी सरळ धावते. एखादी घड्याळाच्या दिशेने फिरली की जुडी सुटते आणि पेशी कोलांटी खाते. धाव साधारण एका सेकंदाची, कोलांटी त्याच्या दशांशाची. बर्ग आणि ब्राऊन यांनी १९७२ साली खास बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाने एकेका पेशीचा त्रिमितीत पाठलाग करून हे मोजलं. कशाभिका चाबकासारखी हलत नाही, ती स्क्रूसारखी फिरते, हे दोनतीन वर्षांत पक्कं झालं. परिस्थिती सुधारत असेल तर पेशी कोलांट्या कमी खाते. बस, एवढ्या अकलेवर ती अन्नाच्या दिशेने पोचते.

इथे एक सवय मोडायला लागते. आपल्याला वाटतं पोहणारा हात थांबवला तरी थोडा पुढे जातो. जिवाणूच्या आकाराला पाणी काकवीसारखं लागतं. मोटर थांबली की पेशी एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात थांबते. हा हिशोब एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला होता. म्हणून पेशी 'घरंगळत' गेली असं तुमच्या वहीत कधीच येता कामा नये. ती गेली असेल तर तिने जोर लावलाय, नाहीतर पाणी वाहतंय.

आणखी एक: बंद बोगद्यात पेशी प्राणवायू संपवतात. दहापंधरा मिनिटांत वेग पडू लागला तर स्ट्रेनला दोष देण्याआधी घड्याळ बघा. चुकून हवेचा बुडबुडा अडकला असेल तर त्याच्या कडेला गर्दी झालेली दिसेल. त्या गर्दीचा फोटो काढून ठेवा, नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला बरा पडतो.

आणि दर वेळी, खरंच दर वेळी, शेजारी एक न पोहणारा नमुना ठेवा. मारलेल्या पेशी चालतील. त्याहून चांगला मोट-ए जीन काढलेला स्ट्रेन: कशाभिका असतात, पण फिरत नाहीत. नावातच मोट आहे, पण पाणी वर येत नाही.

चायना ग्रासची करामत

आगर म्हणजे आपल्या घरी पुडिंगला वापरतात ते चायना ग्रास. ते माध्यमात घालायची कल्पना १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये आली, आणि सुचवणारी होती फॅनी हेस, तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञाची पत्नी. स्वयंपाकघरातून लॅबमध्ये आलेली ही गोष्ट हालचालीच्या प्रयोगांत फक्त प्रमाण बदलून तीन वेगळी कामं करते.

नेहमीच्या प्लेटमध्ये दीड टक्का आगर असतं. त्यावर ई. कोलाय जागचा हलत नाही. ०.२५ ते ०.३ टक्के घातलं तर ती पोहण्याची प्लेट. इतकी सैल की आगरच्या जाळीतल्या पाण्यातून पेशी पोहतात. ही प्लेट कधीही उलटी ठेवायची नाही. सवयीने हात जातोच. माझ्या पहिल्या दहा प्लेटी इन्क्युबेटरच्या तळाशी लापशीसारख्या सांडल्या होत्या. ओतल्यावर सपाट जागी तासभर राहू द्या, नेताना पूजेचं ताट न्यावं तशी न्या. टिप आगरात अर्ध्यापर्यंत खुपसून दोन मायक्रोलिटर कल्चर सोडा. वरच्या पृष्ठभागावर थेंब टाकला तर पेशी वरूनच पसरतात आणि मग नक्की काय मोजलं ते कळत नाही.

३० अंशांना आठ-दहा तासांत वर्तुळं दिसतात, एकात एक. ट्रिप्टोनमधलं बाहेरचं कडं सेरीन खात पुढे सरकणाऱ्यांचं, आतलं ॲस्पार्टेट खाणाऱ्यांचं. खाणं संपवत संपवत टोळी बाहेर सरकते, कारण पुढे अजून ताट भरलेलं आहे. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर बाजूने उजेड टाकून बघा, कडी लखलखीत दिसतात. मला आजही ती बघताना बरं वाटतं.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. वर्तुळ लहान आलं की नवखा लिहितो, 'पोहण्याचा वेग कमी'. पण या प्लेटमध्ये वाढ, पोहणं आणि रसायनाच्या दिशेने जाण्याची क्षमता, तिन्ही एकत्र मोजली जातात. हळू वाढणारा स्ट्रेनही लहान वर्तुळ देतो. गंमत म्हणजे जो कोलांटी खातच नाही, सरळच धावतो, तोही लहान वर्तुळ देतो. कारण तो आगरच्या बोळात शिरतो आणि मागे फिरता येत नाही. पुण्यातल्या पेठेत मोठी गाडी घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून प्लेटवर जे दिसलं ते बोगद्यात तपासा, आणि सोबत वाढीचा आलेखही काढा.

स्ट्रेन राखण्याची एक बारीक गोष्ट इथेच येते. द्रव माध्यमात पुन्हा पुन्हा वाढवत राहिलं तर न पोहणारे हळूहळू वरचढ होतात. कशाभिका बनवायला पुष्कळ खर्च लागतो, आणि हलत्या नळीत तिचा उपयोग शून्य. म्हणून अधूनमधून पोहण्याच्या प्लेटवर तपासणी करा. पण नेहमी कडेच्याच पेशी उचलून स्टॉक बनवू नका, नाहीतर तुमच्या नकळत तुम्ही धावपटूंची निवड करून बसाल आणि तुमचा 'मूळ' स्ट्रेन मूळ राहणार नाही.

०.५ ते ०.७ टक्के आगरावर स्वॉर्मिंग होतं. इथे पेशी पृष्ठभागावर झुंडीने, पाण्याच्या पातळ थरातून पुढे जातात. ई. कोलाय असं करतो हे रसिका हर्षे आणि मात्सुयामा यांनी १९९४ मध्ये दाखवलं. त्यासाठी विशिष्ट जपानी आगर लागतं, आयकेन नावाचं. आणि मघाशी ज्या ग्लुकोजला बाहेर काढलं ते इथे थोडं घालावं लागतं. नवखे इथे हमखास वैतागतात. वैतागा, पण घाला. आपल्या ओळखीचा प्रोटियस हा जिवाणू मात्र असली नखरेबाजी करत नाही, तो दीड टक्क्यावरही लाटांमागून लाटा सोडत प्लेट व्यापतो. मॅकॉन्की या माध्यमावर तो का पसरत नाही हे तोंडी परीक्षेत विचारलेलं आठवत असेल: पित्तक्षारांमुळे.

स्वॉर्मिंगचा सगळा खेळ ओलाव्यावर. ॲरिझोनाच्या हवेत प्लेट झाकण उघडं ठेवून दहा मिनिटं वाळवली की पुरे होते, वीस मिनिटांत ती मेलेली असते. तीच कृती मी सुट्टीत आलो असताना जुलैमध्ये एका मित्राच्या पुण्यातल्या लॅबमध्ये केली, तर तासाभरानेही प्लेटवर पाणी तरंगत होतं. तेव्हा कृतीत लिहिलेली मिनिटं देववाक्य मानू नका. प्लेट वाळवण्याआधी आणि नंतर वजन करा आणि किती ग्रॅम पाणी गेलं ते लिहा. तेवढंच पाणी कुठेही पुन्हा घालवता येतं.

कशाभिकेशिवाय चालणारे

ग्लायडिंग हा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटतो. पेशीला कशाभिका नाही, आकार बदलत नाही, तरी ती काचेवरून सेकंदाला एकदोन मायक्रोमीटर वेगाने सरकते. हे शिकायला फ्लेव्होबॅक्टेरियम जॉन्सोनी घ्या. मातीतला निरुपद्रवी जिवाणू आहे, साध्या तापमानाला वाढतो. खाणं कमी असलेल्या प्लेटवर त्याची कॉलनी कडेने पातळ पसरत जाते, फाटक्या पदरासारखी. खाणं भरपूर दिलं तर गोल, गुळगुळीत कॉलनी येते आणि विद्यार्थी विचारतो, स्ट्रेन बिघडला का?

आतली यंत्रणा अशी: पेशीच्या अंगावर चिकट प्रथिनांचे लांब धागे असतात, ते अंगाभोवती वळसे घेत मागे सरकतात, काचेला चिकटतात आणि पेशी पुढे जाते. हे धागे बाहेर काढणारी आणि फिरवणारी यंत्रणा म्हणजे नववी स्रवण प्रणाली. २०१५ साली बर्ग यांच्याच लॅबमध्ये पेशी काचेला बांधून ठेवली, तर ती सेकंदाला साधारण एक फेरा या वेगाने गरगरताना दिसली. म्हणजे इथेही मुळाशी फिरती मोटर. हिरड्यांच्या आजाराशी जोडलेला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हीच नववी प्रणाली वापरतो, पण सरकण्यासाठी नव्हे, ऊती पचवणारी विकरं बाहेर टाकण्यासाठी.

कॅप्नोसायटोफॅगाकडे वळायचं तर नावातच सूचना आहे: त्याला कार्बन डायऑक्साइड हवा. पाच-दहा टक्क्यांचा इन्क्युबेटर लागतो. तो धीम्या गतीने वाढतो, त्यामुळे प्लेट कोरडी पडणार नाही याची सोय करा. इन्क्युबेटरच्या तळाला पाण्याचं ताट ठेवा. आणि ते पाणी बदला! मागच्या वर्षी आमच्या ताटात बुरशीची स्वतंत्र शेती झाली होती.

ग्लायडिंगची कसोटी: काचेला चिकटलेली पेशी पाण्याच्या झुळकेनेही सरकते. म्हणून बोगद्यात सीसीसीपी हे रसायन सोडा. ते प्रोटॉनचा दाब काढून घेतं, मोटर थांबते. धुवून काढलं की पेशी पुन्हा चालू लागतात. थांबल्या आणि पुन्हा चालल्या, म्हणजे चालच होती. सीसीसीपी विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

यादी म्हणजे वस्ती नाही

मायक्रोबायोमच्या टेबलावर मी थोडक्यात बोलतो, कारण माझा जीव सूक्ष्मदर्शकात आहे. तिथलं काम बहुतेक असं: नमुन्यातून डीएनए काढायचं, १६एस हा सगळ्या जिवाणूंत असलेला जीन वाढवायचा, क्रम वाचायचा, कोण कोण आहे याची यादी करायची. पूर्ण जीन सुमारे १५०० अक्षरांचा, पण बऱ्याचदा त्याचा एक तुकडाच वाचला जातो. त्या तुकड्यावरून वंश कळतो, प्रजाती दर वेळी कळेलच असं नाही.

प्रत्येक खेपेला एक कोरी नळी चालवा, म्हणजे नमुना न घालता सगळी कृती. डीएनए काढायच्या किटमध्येच जिवाणूंचं डीएनए असतं, आणि नमुन्यात जिवाणू कमी असतील तर तेच वरचढ दिसतं. २०१४ मध्ये हे नीट दाखवलं गेलं आहे. माहीत असलेल्या जिवाणूंचं मिश्रण हा दुसरा आधार. तीन नमुने सोमवारी आणि तीन शुक्रवारी केलेत, आणि सोमवारचे सगळे निरोगी लोकांचे असतील, तर तुम्ही आजार मोजलात की वार? नमुने मिसळून घ्या.

यादीतले टक्के हे एकमेकांच्या तुलनेत असतात. एक वाढला की दुसरा कमी झाल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो तेवढाच असेल. आणि डीएनए मेलेल्याचंही येतं. कोण चालतं, कोण कुणाच्या पाठीवर बसून आलं, हे यादीत नसतं. एवढ्यासाठी तर दोन टेबलं आहेत.

सादरीकरण करताना 'शरीरात माणसाच्या पेशींच्या दसपट जिवाणू' हे जुनं वाक्य टाकू नका. २०१६ मधल्या नव्या हिशोबाने प्रमाण साधारण बरोबरीचं येतं: सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी आपल्या पेशी. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी स्ट्रेनसाठी परदेशी संग्रहांकडे धाव घेण्याआधी पुण्यात बघावं. एनसीसीएसशी (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राशी) जोडलेलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि एनसीएलमधला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा एनसीआयएम संग्रह दोन्ही तिथेच आहेत.

व्हिडिओ आणि वही

वेग मोजायचा तर आधी एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रोमीटर हे माहीत हवं. स्टेज मायक्रोमीटरवर १० मायक्रोमीटरच्या रेघा असतात, प्रत्येक भिंगाला त्यांचा फोटो काढा. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा आणि भिंग ४० पटीचं असेल तर एक पिक्सेल साधारण ०.१६ मायक्रोमीटर येतो. सेकंदाला २५ मायक्रोमीटर पोहणारी पेशी ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर फ्रेमला पाचेक पिक्सेल सरकते, हे माग काढायला सोयीचं आहे. तीच पेशी सेकंदाला पाच फ्रेमने टिपलीत तर ती तीसएक पिक्सेलच्या उड्या मारते, आणि संगणक एकीचा माग दुसरीला जोडून देतो. ग्लायडिंगला उलट: सेकंदाला एकदोन फ्रेम पुरतात, उगाच डिस्क भरू नका. माग काढायला फिजी हे प्रतिमा तपासायचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं ट्रॅकमेट मोफत आहे. पहिले वीस माग मात्र हाताने काढा. संगणक कुठे चुकतो ते त्यानंतरच दिसू लागतं.

वहीत वाढीची वेळ, गढूळपणा, खोलीचं तापमान, आगरच्या डब्याचा लॉट क्रमांक, आणि बोगदा बंद केल्यापासून व्हिडिओपर्यंतची मिनिटं लिहा. फाइलचं नाव 'फायनल' ठेवू नका. तारीख, स्ट्रेन, भिंग, फ्रेमचा वेग, एवढं नावातच येऊ द्या. शुक्रवारी संध्याकाळी प्लेट लावू नका, नाहीतर रविवारी सकाळी सातला तुम्हीच कॅम्पसवर असाल.

महिन्याभरात लॅब मीटिंगमध्ये पहिला व्हिडिओ दाखवायची पाळी येईल. अमेरिकेत प्रोफेसरांना नावाने हाक मारायला जड जातं, ते जाऊ दे, हळूहळू जमेल. व्हिडिओ सुरू करण्याआधी न हलणाऱ्या नमुन्याचा व्हिडिओ लावा, त्याच बोगद्यातला, त्याच दिवशीचा. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारणारच असतं, "पाणी वाहत नव्हतं कशावरून?" तो प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा मीच असतो.